शिडाच्या जहाजाचा धंदा : बांधणारा कोण, कमावणारा कोण?

पांढऱ्या वाळूचा किनारा, निळे पाणी आणि त्यावर नांगरलेले दोन डोलकाठ्यांचे लाकडी जहाज, असे चित्र पर्यटन कंपन्यांच्या जाहिरातीत आपण पुष्कळदा पाहतो आणि पान उलटतो. ही श्रीमंतांची हौस, तिचा आपल्याशी काय संबंध, असे आपल्याला वाटते. पण ते जहाज कुणा सुताराने बांधले आहे, कुणा तांडेलाच्या हाती त्याचे सुकाणू आहे आणि कुणा दुकानदाराने त्यात तांदूळ-मसाला भरला आहे. या नजरेने पाहिले तर हे चित्र आपल्या कारागीर आणि व्यापारी बंधूंच्या कामाचे आहे. इंडोनेशियातील शिडाच्या जहाजांचा हा धंदा कसा चालतो आणि त्यात कुणाच्या हाती काय पडते, हे आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

जहाज कुठे बनते?

इंडोनेशियाच्या सुलावेसी बेटाच्या दक्षिण टोकाला बुलुकुंबा नावाचा जिल्हा आहे. तेथील ताना बेरू, बिरा, आरा ही गावे जहाजबांधणीसाठी प्रसिद्ध आहेत. येथील कोंजो लोक मुसलमान आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या हाच धंदा करीत आले आहेत. आराचे सुतार आणि बिराचे खलाशी, अशी जुनी ओळख आहे. त्यांच्या जहाजाला ‘पिनिसी’ म्हणतात. खरे पाहता हे नाव शिडांच्या मांडणीचे आहे. दोन डोलकाठ्या आणि सात शिडे ही तिची खूण.

हे काम कारखान्यात होत नाही, समुद्राच्या वाळूवर होते. कागदावर नकाशा नसतो. कोणती फळी कुठे बसेल आणि किती लांब असेल, हे मुख्य मिस्त्रीच्या डोक्यात असते. त्याला तेथे ‘पानरिता लोपी’ म्हणतात. आधी तळाचा कणा ठेवतात, मग लाकडी खुंट्यांनी फळीला फळी जोडत बाहेरचे अंग उभे करतात आणि आतल्या फासळ्या नंतर बसवतात. युरोपातील पद्धत बहुधा याच्या उलट, म्हणजे आधी फासळ्या आणि मग फळ्या. लाकूड बोर्निओचे ‘उलिन’, जे लोखंडासारखे कठीण असते. सागवानही वापरतात. तयार जहाज दोर आणि साखळी-कप्पीने हळूहळू ओढून पाण्यात उतरवतात.

२०१७ मध्ये युनेस्कोने या कलेचा समावेश मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत केला. युनेस्कोच्याच नोंदीनुसार ताना बेरू, बिरा आणि बातू लिचिन या केंद्रांतील सुमारे ७० टक्के लोकांची रोजी जहाजबांधणी आणि जहाजवाहतुकीवर चालते.

मालवाहू जहाज प्रवासी कसे झाले?

ही जहाजे मुळात मालाची. तांदूळ, लाकूड, मसाले, सिमेंट असा माल ती एका बेटावरून दुसऱ्या बेटावर नेत. १९७० च्या दशकापासून त्यांच्यात इंजिने बसू लागली आणि शिडे आखूड होत गेली. पुढे पोलादी जहाजे आणि कंटेनर आले व लाकडी जहाजाचे भाडे कमी होत गेले. १९८६ मध्ये असेच एक पिनिसी जहाज जकार्ताहून पॅसिफिक महासागर ओलांडून कॅनडातील व्हँकूव्हरच्या जागतिक प्रदर्शनाला गेले. १९९२ च्या १०० रुपियाच्या नोटेवरही पिनिसीचे चित्र छापले गेले. मान मिळाला, पण मानाने चूल पेटत नाही. चूल पेटवायला नवे गिऱ्हाईक लागत होते, आणि ते पर्यटनातून आले. पोटात जेथे गोणी भरत, तेथे खोल्या झाल्या.

लहान जहाजाचा फायदा असा की त्याला धक्का लागत नाही. हजारो प्रवाशांचे मोठे जहाज बंदर शोधते. पंधरा-वीस माणसांचे पिनिसी एखाद्या छोट्या खाडीत नांगर टाकते आणि लहान होडीने माणसांना थेट वाळूवर उतरवते. फ्लोरेस बेटाच्या पश्चिम टोकाला असलेले लाबुआन बाजो हे या धंद्याचे मोठे ठाणे आहे. तेथून कोमोडो राष्ट्रीय उद्यानाच्या फेऱ्या निघतात. हे उद्यान १९८० मध्ये स्थापन झाले आणि १९९१ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आले. कोमोडो, रिंचा आणि पादार ही त्यातील मुख्य बेटे. तेथे प्रचंड घोरपडी आहेत, प्रवाळ आहे आणि गुलाबी वाळूचा किनाराही आहे. लाल रंगाच्या अगदी सूक्ष्म समुद्री जीवांची कवचे पांढऱ्या वाळूत मिसळल्याने तो गुलाबी दिसतो.

एक गोष्ट गिऱ्हाईकाने आणि धंदेवाल्याने दोघांनीही लक्षात ठेवावी. नाव शिडाचे असले तरी बहुतेक वेळ जहाज इंजिनावर चालते. वारा चांगला असला की शिडे उभारतात, नाहीतर फोटोपुरती. म्हणून डिझेलचा खर्च हिशेबात धरलाच पाहिजे.

हिशेब कसा बसतो?

समजा, एका जहाजात ८ खोल्या आहेत आणि १६ प्रवासी मावतात. चार दिवसांच्या फेरीत ८ खोल्या विकल्या काय किंवा ३ विकल्या काय, तांडेल, खलाशी, खानसामा यांचा पगार तोच, डिझेल जवळपास तेवढेच, परवान्याचा खर्चही तोच. फक्त जेवणाचा खर्च कमी होतो. म्हणजे पहिल्या काही खोल्या खर्च भागवतात आणि नफा शेवटच्या खोल्यांत असतो. रिकामी गेलेली खोली ही नासलेल्या भाजीसारखी आहे, उद्या ती विकता येत नाही. त्यामुळे ज्याच्या हाती गिऱ्हाईक असते, तो दलाल या धंद्यात बलवान ठरतो.

दुसरा हिशेब मोसमाचा. कोमोडोकडे साधारण एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा काळ असतो. नंतर पश्चिमेचा पाऊस-वारा येतो. तेव्हा पुष्कळ जहाजे शेकडो मैल पूर्वेला राजा अंपातकडे जातात, कारण तेथे समुद्र ऑक्टोबर ते एप्रिल शांत असतो. ज्याला जागा बदलता येते त्याचे वर्ष भरते. ज्याला येत नाही तो चार-पाच महिने बसून खातो. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात होड्या ओढून ठेवणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

तिसरा हिशेब सरकारी हुकुमाचा. २०२२ मध्ये सरकारने कोमोडो आणि पादार बेटांचे प्रवेशशुल्क एकदम ३७ लाख ५० हजार रुपिया करण्याचे जाहीर केले. लाबुआन बाजोतील पर्यटन कामगारांनी संप केला. शेवटी ही वाढ आधी पुढे ढकलली गेली आणि मग रद्द झाली. एकाच जागेवर आणि एकाच परवान्यावर उभा असलेला धंदा कसा एका कागदाने हलतो, हे त्यावरून दिसले. २०२० च्या कोरोना काळात तर जहाजे नांगरावरच उभी राहिली.

सुताराच्या पदरात काय?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सुताराला जहाजाचा पैसा एकदाच मिळतो, मालकाला प्रत्येक फेरीला मिळतो. पुष्कळ जहाजांचे मालक जकार्ता, बाली किंवा परदेशातले आहेत. जाहिरातीत जहाजाचे वर्णन ‘हाताने बांधलेले’ असे असते, त्या हातांचे नाव मात्र नसते. त्यातच चांगले उलिन दुर्मिळ आणि महाग होत चालले आहे. ठरलेल्या ठेक्यात लाकूड महागले की बोजा मिस्त्रीवर येतो.

परंतु लाकडी जहाजाचा एक गुण कारागिराच्या बाजूचा आहे. त्याला सतत हात लागतो. उष्ण समुद्रात लाकूड पोखरणारा किडा असतो. फळ्यांच्या फटी पुन्हा भराव्या लागतात, तळ घासून रंगवावा लागतो, कुजलेली फळी बदलावी लागते. बांधणी एकदा, दुरुस्ती दरवर्षी. म्हणून शहाणा कारागीर बांधणीच्या ठेक्यातच पुढील काही वर्षांच्या दुरुस्तीचा करार लिहून घेईल.

दुसरा मार्ग वाट्याचा आहे आणि तो त्या मुलखाला नवा नाही. मकासरच्या व्यापाऱ्यांचा प्रमुख अमन्ना गप्पा याच्या नावाने सतराव्या शतकापासून प्रसिद्ध असलेल्या सागरी व्यापाराच्या कायद्यात भाडे, देणे-घेणे आणि नफ्याची वाटणी यांचे नियम घालून दिलेले होते. भांडवल कुणाचे, मेहनत कुणाची आणि वाटा किती, हे प्रवासाआधीच ठरे. आजही रोख मजुरीचा काही भाग सोडून जहाजात लहानसा हिस्सा घेणे कारागिराला शक्य आहे. मात्र त्यात तोट्याचा वाटाही येतो, आणि हिशेबाची वही पाहण्याचा हक्क लेखी नसेल तर असा हिस्सा म्हणजे नुसते आश्वासन.

आपल्याकडे काय करावे?

केरळातील बेपूरला मापिळा खलाशी आणि सुतार आजही ‘उरू’ बांधतात आणि त्यातील काही आखाती देशांत हौसेची जहाजे म्हणून जातात. कोकणात लाकडी होड्यांची जागा फायबरने घेतली आणि जुने मिस्त्री कमी होत चालले आहेत. ज्यांच्या घरात हे हुनर अजून आहे, त्यांनी ते मुलाला शिकवण्याआधी टाकून देऊ नये. पण नुसत्या अभिमानावरही बसू नये. गिऱ्हाईक कोण, मोसम किती, दुरुस्ती कुणाकडे, हे चार लोकांत बसून आधी मांडावे.

जे पर्यटनाचा व्यवसाय करतात त्यांच्यासाठी दोन शब्द. पुष्कळ पर्यटक जहाजांवर दारू मिळते. म्हणून आपल्या गिऱ्हाईकांसाठी खोल्या घेण्यापेक्षा कुटुंबांचा गट करून पूर्ण जहाज भाड्याने घेणे बरे. त्यात हलाल जेवण, नमाजची वेळ आणि पडदा या गोष्टी आपल्या अटीवर ठरवता येतात. अटी इसारा देण्याआधीच लेखी घ्याव्यात.

आणि सुरक्षेत काटकसर करू नये. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट मुंबईजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली, ही आठवण आपल्या किनाऱ्यावर अजून ताजी आहे. माणशी एक जीवरक्षक जाकीट, चालू वायरलेस, परवान्याइतकेच प्रवासी आणि हवामान बिघडले तर फेरी रद्द करण्याची तांडेलाला मोकळीक, एवढे नसेल तर सौदा करू नये, मग दर कितीही कमी असो.

समुद्रकिनारा कुणी बनवलेला नाही आणि तो कुणाच्या दुकानातला माल नाही. या धंद्यात खरा माल म्हणजे जहाज आणि ते सांभाळणारे हात. त्या हातांनी आपली किंमत करारात लिहून घेतली नाही, तर ती दुसराच कुणी वसूल करील.