जात्यावरील ओव्या : नमुना कोणाचा, निष्कर्ष कोणाविषयी?

ओवीवाङ्मयाच्या विवेचनात ‘मराठी स्त्रीचे मन’ हा शब्दप्रयोग इतका रूढ आहे की त्यामागील अनुमान तपासावे असे सहसा कोणास वाटत नाही. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने १९८० च्या दशकापासून एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. २०१७ पासून त्या ‘पारी’ या संकेतस्थळावर क्रमाने प्रसिद्ध होऊ लागल्या. एवढ्या सामग्रीवरून भाऊ, माहेर, सासुरवास या विषयांचे प्रमाण काढले आणि ते ‘मराठी स्त्री’स लावले, तर त्यात गैर काय?

गैर हे की लाख ओव्या म्हणजे लाख स्वतंत्र साक्षी नव्हेत. एकच गायिका एका बैठकीत अनेक ओव्या गाते. भावाचा विषय निघाला की पुढची ओवी पुष्कळदा त्याच ओघात येते. म्हणून ओव्यांची संख्या नव्हे, तर गायिकांची व गावांची संख्या हाच नमुन्याचा खरा आकार होय. शिवाय केवळ आकाराने अभिनती जात नाही. १९३६ साली अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ने वीस लाखांहून अधिक मतपत्रिका मोजून लँडन यांचा विजय वर्तविला. नावे मुख्यतः दूरध्वनी व मोटारधारकांच्या याद्यांतून घेतलेली होती, आणि उत्तर पाठविणारेही सर्वांसारखे नव्हते. प्रत्यक्षात ४८ पैकी ४६ राज्ये रूझवेल्ट यांनी जिंकली.

ओव्यांच्या बाबतीत यादी स्मृतीने केलेली आहे. गिरण्या गावोगावी पोहोचल्यानंतर ज्यांना ओव्या आठवत होत्या आणि परक्यासमोर गाण्याची ज्यांची तयारी होती, त्यांचाच आवाज येथे उमटला. तेव्हा प्रमाणाचे विधान करावयाचे तर ते त्या गावांतील, हाताने दळलेल्या पिढीतील, गाण्यास राजी झालेल्या स्त्रियांपुरतेच करता येते. संपूर्ण महाराष्ट्राच्या किंवा सर्व काळाच्या स्त्रीकडे तेथून उडी घेण्यास आधार नाही.

मात्र सर्वच विधाने प्रमाणाची नसतात. नवऱ्याविषयीचा राग जात्यावर उघड बोलता येत होता, हे दाखविण्यास एक अस्सल ओवीही पुरते. तो राग कितीजणींचा होता, हे ती सांगत नाही. हा भेद पुसला गेला म्हणजे उत्तम संकलनाचाही दुरुपयोग होतो.

सुदैवाने या संकलनात गायिकेचे नाव, गाव, तालुका, जात अशा नोंदी बहुधा आढळतात. त्यामुळे ओव्यांऐवजी गायिका मोजणे आणि गावागावांतील फरक पाहणे शक्य आहे. ज्या विसरल्या किंवा गप्प राहिल्या, त्यांची नोंद मात्र कोठेच नाही.