मुस्तफा कुठल्या कप्प्यात?

इम्युलेशनस्टेशन सुरू झालं की पडद्यावर आधी यंत्रं येतात. डावं-उजवं दाबत जा: निन्टेन्डोचा एनईएस, सेगाचा मेगा ड्राइव्ह, गेम बॉय, प्लेस्टेशन, मधेच कुठेतरी आर्केड. प्रत्येक यंत्राचं बोधचिन्ह आणि त्याखाली गेम्सचा आकडा. आत शिरलं की त्या यंत्राचे सगळे गेम्स इंग्रजी वर्णानुक्रमे उभे. रास्पबेरी पायवर रेट्रोपाय घालून जुने गेम्स खेळणाऱ्यांना हा पडदा तोंडपाठ असतो.

रास्पबेरी पाय हा क्रेडिट कार्डाएवढा संगणक फेब्रुवारी २०१२मध्ये ३५ डॉलरला बाजारात आला. त्याच वर्षी फ्लोरियन म्युलर यांनी त्याच्यासाठी रेट्रोपाय उभं करायला घेतलं. इम्युलेशनस्टेशन हा त्यातला समोर दिसणारा भाग, मूळचा अलेक लॉफक्विस्ट यांनी लिहिलेला. तो स्वतः एकही गेम चालवत नाही. याद्या दाखवतो, निवडलेला गेम त्या त्या इम्युलेटरच्या, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, हवाली करतो आणि गेम बंद झाला की परत यादीवर आणून सोडतो. कुठल्या फोल्डरमधली फाइल कुठल्या इम्युलेटरला द्यायची हे त्याला ठाऊक हवं, म्हणून एका यंत्राला एक फोल्डर. पडद्यावर तेच फोल्डर नटूनथटून येतात. प्रोग्रॅमच्या दृष्टीने ही मांडणी बिनचूक आहे. संध्याकाळी जेवणं आटोपल्यावर दोन कंट्रोलर घेऊन बसलेल्या माणसांच्या मात्र ती फारशी उपयोगाची नाही. ‘चल, आज मेगा ड्राइव्ह खेळू’ असं कोण म्हणतं? ‘दोघांनी मिळून खेळता येईल असं काहीतरी लाव’ असं म्हणतात.

त्यात गेम्स फार. सुपर मारिओ ब्रदर्स हा अख्खा गेम ४० किलोबाइटचा. आजच्या फोनवरच्या एका फोटोत असे कितीतरी मारिओ मावतील. एनईएससाठी अमेरिकेत अधिकृतपणे निघालेले सातशेच्या आसपासचे सगळे गेम्स ३२ जीबी कार्डाच्या एका कोपऱ्यात जातात. जागा आहे म्हटल्यावर हात आवरत नाही. मग पडद्यावर आकडे फुगतात आणि एक ना धड भाराभर चिंध्या अशी गत होते. आर्केडच्या फोल्डरचं तर विचारूच नका. निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रॅमरने १९९७च्या फेब्रुवारीत मेम या इम्युलेटरची पहिली आवृत्ती काढली, तेव्हा त्यात पॅक-मॅनच्या कुळातले मोजके गेम्स होते. आज तो हजारो मशिन्स ओळखतो. त्यात जपानी माहजाँग आहेत, प्रश्नमंजूषा आहेत, कॅसिनोतली यंत्रं आहेत, शिवाय एकाच गेमच्या जपानी, अमेरिकी, जागतिक आणि चोरट्या आवृत्त्या. हे सगळं जतन करणं हे मेमचं व्रत आहे आणि ते थोर आहे, पण खेळायला बसलेल्या माणसाने ते सगळं चाळत बसावं असं काही नाही.

यावरचा उतारा २०१७ साली आला. इम्युलेशनस्टेशनच्या रेट्रोपाय आवृत्तीत ‘कलेक्शन्स’ची सोय झाली. काही कलेक्शन्स आपोआप बनतात: सगळे गेम्स, आवडते गेम्स, नुकतेच खेळलेले. खरी गंमत कस्टम कलेक्शनमध्ये आहे. स्टार्ट दाबायचं, गेम कलेक्शन सेटिंग्जमध्ये जायचं, नवं कलेक्शन काढून त्याला नाव द्यायचं. आता यंत्र संपादनाच्या अवस्थेत जातं. कुठल्याही फोल्डरात फिरा, हव्या त्या गेमवर वाय दाबा, तो यादीत आला. पुन्हा वाय दाबा, गेला. झालं की सिलेक्टच्या मेनूतून ‘संपादन संपलं’ म्हणून सांगायचं.

हे कलेक्शन म्हणजे नेमकं काय, ते आत डोकावून पाहण्यासारखं आहे. इम्युलेशनस्टेशनच्या फोल्डरात ‘कलेक्शन्स’ नावाचा एक फोल्डर असतो. त्यात प्रत्येक यादीची एक साधी मजकुराची फाइल, नावाआधी ‘कस्टम’ लावलेली. ती उघडली तर आत ना चित्रं, ना गेम्स. ओळीमागून ओळ, आणि प्रत्येक ओळीत एका गेमचा संपूर्ण पत्ता: होम, मग पाय, मग रेट्रोपाय, मग रॉम्स, मग आर्केड आणि शेवटी डिनो.झिप. पुढच्या ओळीत असाच पत्ता, पण एनईएसच्या फोल्डरातला. बाकी काही नाही. गेमचं नाव, चित्र, निर्मितीचं साल, खेळाडूंची संख्या ही माहिती वेगळ्या एक्सएमएल फाइलमध्ये यंत्रवार लिहिलेली असते आणि ती तिथून घेतली जाते. यादीत घातल्याने गेम जागचा हलत नाही, त्याची दुसरी प्रतही होत नाही. म्हणून एकच कॉन्ट्रा ‘दोघांत’ या यादीत असू शकतो, ‘कॅसेट’मध्ये असू शकतो आणि ‘कधीच संपत नाही’ अशा नावाच्या यादीतही असू शकतो.

ग्रंथालयशास्त्र शिकलेल्याला इथे रंगनाथन आठवतील. पुस्तक कपाटात एकाच जागी उभं राहू शकतं, विषय मात्र अनेक असतात. मूळचे गणिताचे प्राध्यापक आणि पुढे मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झालेल्या शि. रा. रंगनाथनांना या अडचणीवरची वाट लंडनच्या सेल्फ्रिजेस या दुकानात मेकॅनोचा संच पाहून सुचली, असं सांगतात: मोजके सुटे भाग, हवे तसे जोडायचे. त्यातून १९३३ साली त्यांचं कोलन वर्गीकरण आलं. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे, हा त्यांच्या १९३१च्या पाच सूत्रांपैकी एका सूत्राचा आशय. वाचकाच्या जागी खेळणारा ठेवला तरी ते सूत्र जसंच्या तसं लागू पडतं.

आता आपल्याकडचा प्रश्न. तयार याद्या भरपूर मिळतात. ‘एनईएसचे सर्वोत्तम शंभर’ वगैरे. त्या उतरवून घेतल्या की काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, कारण त्या अमेरिकन मुलांच्या लहानपणाच्या याद्या आहेत. नव्वदीत महाराष्ट्रातल्या घराघरांत टीव्हीला जोडलेला ‘व्हिडिओ गेम’ हा बहुधा निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल असे. फॅमिकॉम म्हणजे एनईएसचं मूळ जपानी रूप. त्याच्या कार्ट्रिजला, म्हणजे आपल्या कॅसेटला, ६० पिना. अमेरिकन एनईएसला ७२. नकलेत ६० पिनांचा खाचा असल्यामुळे आपल्याकडे गेम्स आले ते जपानच्या बाजारातले. रणगाड्यांनी विटांच्या भिंती फोडायच्या आणि खालचा गरुड वाचवायचा तो बॅटल सिटी (नामको, १९८५) अमेरिकन एनईएसवर कधी आला नाही. लाल गाडी आणि संपत जाणारं पेट्रोल असलेला रोड फायटर आला नाही. सिंहावर बसून आगीच्या कड्यातून उडी मारायचा सर्कस चार्ली आला नाही. नट्स अँड मिल्क नाही, बायनरी लँड नाही. गेम्सच्या संग्रहातून फक्त ‘यूएसए’ असा शिक्का असलेल्या फाइली ठेवायची सूचना अनेक जण देतात, एकाच गेमच्या चार प्रती टाळायला ती बरीही आहे. पण तसं केलं की आपल्याकडच्या निम्म्या आठवणी केराच्या टोपलीत जातात.

आणि त्या कॅसेटींवरचे आकडे! ‘९९९९ इन १’. पहिल्या पडद्यावर नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव गेम्सची यादी, पानंच्या पानं. खाली जात राहिलं की तेच गेम्स पुन्हा येत: मारिओ, मग चौथ्या लेव्हलपासूनचा मारिओ, मग नाव बदललेला मारिओ. बॅटल सिटीचे नकाशे बदलून ‘टँक १९९०’ म्हणून विकलेला गेम मूळ गेमपेक्षा आपल्याकडे जास्त खेळला गेला असावा. गेम्सना कप्प्यात घालण्याचा पहिला उद्योग आपण पाहिला तो हा, आणि तो निव्वळ खोगीरभरतीचा होता.

हे चोरटे अवतार यादीत आणायचे तर हातानेच आणावे लागतात. गेम्सची माहिती ऑनलाइन कोशांतून ओढून आणणारे स्क्रेपर फाइलचं नाव किंवा तिचा ठसा पाहून गेम ओळखतात. अधिकृत गेम चटकन सापडतो. ‘टँक १९९०’सारख्याचा प्रकार आणि खेळाडूंची संख्या कोरी राहू शकते, आणि कोऱ्या रकान्याला चाळणी लावली की तो गेम गळतो. बाटोसेरासारख्या प्रणालींमध्ये नियम देऊन आपोआप भरणारी कलेक्शन्स असतात: अमुक प्रकार, दोन खेळाडू, अमुक गुणांच्या वर. काम झटपट होतं. पण कोशातच एक जण ‘अ‍ॅक्शन’ लिहितो, दुसरा ‘प्लॅटफॉर्म’, तिसरा दोन्ही. माझं मत विचाराल तर गेमच्या प्रकारानुसार केलेल्या याद्या जवळपास निरुपयोगी. ‘शूटर’ या यादीत एकदा डोकावतो माणूस, पुन्हा जात नाही.

टिकतात त्या प्रसंगाच्या याद्या. ‘दोघांत’. ‘पंधरा मिनिटं’. ‘आईला आवडतात ते’ (त्यात टेट्रिस असतोच). ‘पाहुण्यांसाठी’ म्हणजे न समजावता खेळता येतील असे. यादीत वीस-पंचवीस गेम्सच्या वर गेलात की ती यादी राहत नाही, पुन्हा फोल्डर होतो. आणि ‘नंतर बघू’ नावाची यादी चुकूनही काढू नका, तिच्यात गेलेला गेम परत येत नाही.

यातली माझी सर्वांत लाडकी यादी ‘पार्लर’. शाळा सुटल्यावर खिशातलं नाणं ज्या अंधाऱ्या गाळ्यात जायचं, तिथले गेम्स. मेटल स्लग, स्नो ब्रदर्स, किंग ऑफ फायटर्स ९७, पनिशर, आणि सगळ्यांत वर मुस्तफा. मुस्तफा नावाचा गेम मेममध्ये शोधून सापडणार नाही. तो आहे कॅपकॉमचा १९९३ सालचा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, मार्क शुल्त्झ यांच्या झेनोझोइक टेल्स या कॉमिकवरून केलेला. चार पात्रांतला सर्वांत चपळ तो मुस्तफा कैरो, आणि पार्लरमध्ये सगळ्यांना तोच हवा असे, म्हणून गेमचंच नाव मुस्तफा पडलं. फाइलचं नाव डिनो, जपानी आणि अमेरिकी आवृत्त्यांच्या फाइली वेगळ्या. यादीत एकच ठेवावी. एक्सएमएल फाइलमध्ये गेमचं दिसणारं नाव बदलता येतं. तिथे ‘मुस्तफा’ असं लिहिलं की निदान आपल्या घरापुरता न्याय झाला. हा गेम घरच्या कन्सोलसाठी निघालाच नाही, त्यामुळे दुकानात जाऊन विकतही घेता येत नाही. जुना झाला म्हणून तो फुकटात वाटायला मोकळा झाला, असंही नाही. या गेम्सवरचे हक्क शाबूत आहेत, आणि स्वतःकडच्या प्रतीची राखीव नक्कल ठेवणं वेगळं, हजारो गेम्स भरलेली कार्डं विकणं वेगळं.

याद्यांची एक दुखरी बाजू आहे. ओळीत पत्ता असतो, गेम नव्हे. फाइलचं नाव जरासं बदललं, गेम्स कार्डावरून पेन ड्राइव्हवर हलवले, की पत्ते चुकतात आणि यादी ओस पडते. मजकुराची फाइल उघडून जुना मार्ग शोधून तिथे नवा बसवायचा, एवढाच इलाज. इम्युलेशनस्टेशनच्याच वंशातल्या ईएस-डीई या नव्या प्रणालीत गेम्सच्या मूळ फोल्डरसाठी एक खूण वापरली जाते, त्यामुळे सामान हलवलं तरी याद्या शाबूत राहतात. कुठलीही प्रणाली असो, कलेक्शन्सचा फोल्डर दुसरीकडे उतरवून ठेवावा. काही किलोबाइटचा ऐवज, ईमेललाही जोडता येतो. मेमरी कार्डं दगा देतात, आणि देतात तेव्हा सांगून देत नाहीत.

घरात लहान मुलं असतील तर अजून एक सोय आहे: किड मोड. ज्या गेम्सवर ‘मुलांसाठी’ अशी खूण केली तेवढेच दिसतात, सेटिंग्ज गायब होतात. यातून बाहेर पडायची गुप्त किल्ली म्हणजे बटणांचा एक क्रम: वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए. कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६च्या सुमारास ग्रेडियस हा गेम तपासताना स्वतःला अवघड जाऊ नये म्हणून घातलेला हा क्रम पुढे कॉन्ट्रात तीस जीव देऊ लागला आणि जगभर पोचला. आईवडिलांसाठीची कुलपाची किल्ली म्हणून तो निवडणाऱ्यांच्या विनोदबुद्धीला दाद द्यावी. पण कॉन्ट्रा मुलांच्या यादीत ठेवलात, तर हे कुलूप फार तर आठवडाभर टिकेल.