पाण्याच्या रंगावरून

मालवणच्या किनाऱ्यावर जुना रापणकर होडी सोडण्याआधी बराच वेळ पाणी बघत राहतो. मासळी खोल असते. पण एखादा पट्टा गडद झाला, वर बारीक शिरशिरी उठली, की त्याला थव्याचा अंदाज येतो.

स्वादुपिंडाचा कर्करोग असाच खोल दडतो. जेमतेम पंधरा सेंटिमीटरचा हा अवयव जठराच्या मागे, पाठीच्या कण्यापुढे असतो. हाताला लागत नाही, सोनोग्राफीत आतड्यातली हवा आड येते, आणि थेट तुकडा काढायला जावं तर त्याला सूज येण्याची भीती. बहुतेकांना रोग कळतो तो पसरल्यावरच. गोव्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर १७ मार्च २०१९ रोजी याच आजाराने गेले.

अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे वादिम बॅकमन यांनी स्वादुपिंडाला हातच लावला नाही. त्याची नळी लहान आतड्याच्या तोंडाशी, ड्युओडेनममध्ये उघडते. आत कर्करोग रुजत असताना तिथल्या पेशींची घडणही किंचित बिघडते. हा बदल इतका सूक्ष्म, की सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशी निरोगीच दिसतात. मात्र पांढरा प्रकाश टाकून मागे उसळलेला प्रकाश रंगारंगाने मोजला, की तो बिघाड उमटतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५१ जणांच्या तिथल्या नमुन्यांवरून रुग्ण आणि निरोगी माणसं बऱ्याच अचूकपणे वेगळी ओळखता आली. अभ्यास लहान होता, आणि ही तपासणी अजून रोजच्या वापरात नाही. तरी मला तिच्याबद्दल फार आशा वाटते.

विखुरलेल्या प्रकाशाशी आपल्या किनाऱ्याचंही नातं आहे. १९२१ मध्ये बोटीने मायदेशी परतताना शास्त्रज्ञ चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी समुद्राच्या निळाईचा ध्यास घेतला आणि मुंबई बंदरातूनच त्यावर टिपण पाठवलं. त्यांच्या नावाच्या रामन वर्णपटाने आज खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात तोंडाच्या कर्करोगाचा अभ्यास चालतो.

ही यंत्रं गावापर्यंत यायला वेळ लागेल. तोवर एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. आपल्याकडे कावीळ झाली की आधी झाडपाल्याचं औषध शोधतात. पण स्वादुपिंडाच्या डोक्याकडची गाठ पित्तनळी दाबते, तेव्हाही कावीळच होते. ताप नाही, पोटात दुखणं नाही, फक्त अंगाला खाज, गडद लघवी, पांढरट शौच. पन्नाशी उलटलेल्या माणसाचं वजन उगाच उतरत असेल, मधुमेह नव्यानेच निघाला असेल, तर त्याला खळ्यात, सकाळच्या उजेडात उभं करा आणि डोळ्यांचा पांढरा भाग बघा. पिवळा दिसला, तर त्याच आठवड्यात ओरोसचं किंवा बांबोळीचं सरकारी रुग्णालय गाठा, आणि सीटी स्कॅनचं विचारा.