यंत्रातले रक्त गोठू नये म्हणून

बोट कापले की थोडे रक्त वाहते आणि काही मिनिटांत आपोआप थांबते. रक्ताच्या अंगी हा गुण नसता, तर भाजी चिरताना झालेली जखमही जिवावर बेतली असती. परंतु मूत्रपिंडे निकामी झालेल्या रोग्याला डायलिसिसच्या वेळी हाच गुण अडचणीचा होऊन बसतो. त्याचे रक्त नळ्यांतून गाळणीत न्यावे लागते, आणि परक्या वस्तूचा स्पर्श होताच, जणू जखमच झाली असे समजून, ते गोठू लागते. गाळणीत केसासारखे बारीक असे हजारो पोकळ तंतू असतात. ते तुंबले तर शुद्धीचे काम मंदावते. शिवाय आधीच रक्त कमी असलेल्या रोग्याचे पेलाभर रक्त यंत्रातच वाया जाते.

१९१३ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे एबल व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांचे रक्त प्रथम असे गाळले, तेव्हा त्यांनी जळवांच्या मुखातील हिरुडिन हे द्रव्य वापरले. जळू रक्त पिते ते न गोठवता. तिचीच विद्या माणसाने उसनी घेतली म्हणा ना! १९१६ साली त्याच नगरीत मॅक्लीन या वैद्यकीच्या विद्यार्थ्याच्या प्रयोगांतून हेपॅरिनच्या शोधाची वाट खुली झाली. हॉलंडमध्ये कोल्फ यांनी १९४३ साली आपले फिरत्या पिंपाचे यंत्र चालविले ते हेपॅरिनच्याच आधारावर.

आजही नेहमीच्या, सुमारे चार तासांच्या डायलिसिसमध्ये बहुधा हेपॅरिनच देतात. त्याचा प्रभाव थोड्या तासांत ओसरतो. म्हणून सतत सोडले जाणारे हेपॅरिन पुष्कळदा शेवटच्या अर्ध्या-एक तासात बंद करतात, म्हणजे सुया काढल्यावर हातातून रक्त वाहत राहत नाही. पण हे औषध यंत्रापुरते थांबत नाही, सर्व शरीरात पोहोचते. नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या किंवा पोटात व्रण असलेल्या रोग्याला त्याने रक्तस्राव होऊ शकतो. अशांचे डायलिसिस हेपॅरिनवाचूनही करता येते. मधून मधून मिठाच्या पाण्याने नळ्या धुतात आणि परिचारिकेला डोळ्यांत तेल घालून बसावे लागते. घरच्यांनी रोग्याचा दात काढण्याचा बेतही डॉक्टरांना आधी कळवावा तो याचसाठी.

अतिदक्षता विभागातील संथ डायलिसिस रात्रंदिवस चालते. तेथे सायट्रेटची युक्ती आम्हांला फार मनोहर वाटते. लिंबातील सायट्रिक आम्लाचेच हे लवण. रक्त गोठण्यास कॅल्शियम लागते. यंत्रात शिरणाऱ्या रक्तात सायट्रेट मिसळले की ते कॅल्शियमला बांधून ठेवते. रोग्याला वेगळ्या मार्गाने कॅल्शियम परत देतात. म्हणजे रक्त यंत्रात गोठत नाही, शरीरात मात्र त्याचा गुण शाबूत राहतो! अर्थात कॅल्शियमची तपासणी वारंवार करावी लागते, आणि यकृत फार बिघडले असेल तर सायट्रेट अंगात साठण्याचा धोका असतो.

पोटातील डायलिसिसमध्ये रक्त शरीराबाहेर येतच नाही. उदराच्या आतील पातळ आवरण हीच गाळणी, म्हणून रक्तात असे औषध घालावे लागत नाही. तरी बाहेर येणाऱ्या द्रवात कधी कधी पांढरे धागे दिसतात आणि नळी तुंबू पाहते. तेव्हा डॉक्टर त्या द्रवातच थोडे हेपॅरिन मिसळतात. ते पोटातून रक्तात फारसे शिरत नाही.