लेखणीचे इमान

छापलेल्या शब्दावर माणसाचा चटकन विश्वास बसतो. 'पेपरात आलंय' किंवा 'पुस्तकात लिहिलंय' एवढे म्हटले की घरातला वाद मिटतो. वाचकाचा हा विश्वास हेच लेखकाचे खरे भांडवल. ते कसे वापरायचे, हा मात्र ज्याच्या त्याच्या इमानाचा प्रश्न आहे.

लेखकाने खरे तेच लिहावे, असे म्हटले की कुणीतरी विचारतेच, "मग कथा-कादंबऱ्यांचे काय? त्या तर काल्पनिकच असतात." या शंकेचे उत्तर हरिभाऊ आपटे यांनी शंभर वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे.

न जन्मलेली यमू

हरिभाऊंनी १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले. त्यात क्रमशः आलेली 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी मात्र निव्वळ करमणूक नव्हती. यमू नावाची मुलगी आपली कहाणी स्वतः सांगते. लहानपणी झालेले लग्न, सासरचा जाच, तिला शिकवू पाहणारा नवरा, त्याचा अकाली मृत्यू आणि मग जबरदस्तीने झालेले केशवपन. विधवाविवाहाला कायद्याने १८५६ मध्येच मान्यता दिली होती. पण तो कायदा माजघरापर्यंत पोचला नव्हता.

यमू प्रत्यक्षात कधी जन्मलीच नव्हती. तरी तिची गोष्ट खोटी म्हणता येत नाही, कारण तशा मुली त्या काळी घरोघर होत्या. हरिभाऊंनी ती कादंबरी म्हणूनच वाचकांपुढे ठेवली, फसवणूक कुणाचीच केली नाही.

बक्षीस परत गेले

याच्या अगदी उलट प्रकार अमेरिकेत घडला. १९८० मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट' या प्रतिष्ठित दैनिकात जेनेट कुक या बातमीदार तरुणीने हेरॉइनच्या आहारी गेलेल्या आठ वर्षांच्या मुलाची हकिगत लिहिली. ती वाचून शहर हादरले. महापौरांनी आणि पोलिसांनी मुलाचा कसून शोध घेतला, पण तो सापडेना. १९८१ मध्ये या लेखाला पुलित्झर पारितोषिक जाहीर झाले आणि दोनच दिवसांत बिंग फुटले. असा मुलगा अस्तित्वातच नव्हता. पारितोषिक परत करावे लागले, लेखिकेला नोकरी सोडावी लागली.

कुणी म्हणेल, हेतू तर चांगला होता ना? मादक द्रव्यांचा प्रश्न तर खराच होता! पण म्हणूनच हा अपराध अधिक मोठा. अशी एक बनावट कहाणी उघडी पडली की पुढे खऱ्या दुःखाची बातमी आली तरी लोक संशयाने पाहू लागतात. तीच गोष्ट कथा म्हणून लिहिली असती तर कुणाचीच हरकत नव्हती.

आपल्या माणसांविषयी लिहिताना

खरे लिहिणे सर्वांत अवघड होते ते घरच्यांविषयी. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये पती रेव्हरंड टिळकांचा तापटपणा लपवला नाही. १८९५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर संसाराची जी ताटातूट झाली, तीही मोकळेपणाने सांगितली. पण या सांगण्यात कुठे सूड नाही, स्वतःची बढाई नाही. स्वतःच्या फजितीवरही त्या हसतात. सत्य सांगायला कडवटपणाच हवा असे नाही, हे या पुस्तकातून शिकावे.

आता लेखक आपणही

पूर्वी लिहिणारे थोडे आणि वाचणारे फार असत. लेखकाच्या हातून चूक झाली तर संपादकाची लाल शाई होती. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे आणि एका बोटाने मजकूर शेकडो घरांत पोचतो. मुले पळवणाऱ्या टोळ्या फिरत असल्याच्या अफवा अशाच पसरल्या होत्या. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठेचून मारले. अफवा पुढे पाठवणाऱ्यांपैकी अनेकांना आपण सावधगिरीचा इशारा देत आहोत असेच वाटले असेल. म्हणजे केवळ हेतू चांगला असून भागत नाही, मजकूर खरा आहे की नाही हे पाहण्याचे कष्टही घ्यावे लागतात.

कथा असो, लेख असो की नातेवाइकांना पाठवलेला चार ओळींचा निरोप, लिहिण्यापूर्वी स्वतःला विचारावे: हे मला ठाऊक आहे, की नुसते ऐकलेले आहे? ज्याच्याविषयी लिहितो आहे, त्याच्यासमोर हे वाचून दाखवता येईल का? आणि वाचणाऱ्याला यातून काही मिळणार आहे, की नुसतीच खळबळ उडणार आहे?

उत्तर मनासारखे आले नाही, तर लेखणी खाली ठेवण्यात कमीपणा नाही. वाचकाने आपल्या शब्दावर टाकलेला विश्वास एकदा गमावला की तो परत मिळवायला आयुष्यही पुरत नाही.