साध्या फोनवरची शाळा

 

मागच्या महिन्यात आम्ही एका गटाच्या बैठकीला गेलो होतो. हप्ते गोळा झाले, वही मिटली आणि एक ताई म्हणाल्या, "तुम्ही रेडिओवर सारखं सांगता, फोनवर शिका, फोनवर शिका. पण फोनवर शिकून कुणाला खरंच काम येतं का? माझा पोरगा दिवसभर फोनमध्येच डोकं घालून असतो, त्याला साधा चहा करता येत नाही." सगळ्या हसल्या. आम्हीही हसलो. पण प्रश्न काही मनातून जाईना. आज त्याचंच उत्तर देऊ.

फोनवर शिकता येतं. बटणांच्या साध्या फोनवरसुद्धा येतं. मात्र काय शिकायचंय, फोन कुणाच्या हातात आहे आणि शिकताना सोबतीला कोण आहे, हे आधी बघावं लागतं. एकेक करून सांगतो.

आशाताईंचा अभ्यास

आशाताई आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं, तेव्हापासून त्या गावोगाव आल्या. गावातलीच सून, घर सांभाळून दारोदार जाणारी. गरोदर बाईला काय सांगायचं, बाळाला कोणती लस कधी द्यायची, कोणतं लक्षण दिसलं की दवाखान्यात धावायचं, हे सगळं तिला माहीत पाहिजे. त्यासाठी तिला प्रशिक्षणाला बोलावतात. एसटी पकडा, घरचं आवरा, लहान मूल कुणाकडे तरी ठेवा, तेव्हा कुठे तालुक्याला पोचायचं. वरून सांगितलेलं राज्यात येतं, राज्यातून जिल्ह्यात, जिल्ह्यातून तालुक्यात. प्रत्येक ठिकाणी थोडं सांडतं. ताकात पाणी घालत घालत आणावं, तसं शेवटच्या बाईपर्यंत येईतो पातळ होतं. आणि एकदा ऐकलेलं सहा महिन्यांनी कुणाच्या लक्षात राहतं?

यावर बिहारमध्ये २०१२ साली एक वाट निघाली. बीबीसी मीडिया ॲक्शन या संस्थेने बिहार सरकारबरोबर आशाताईंसाठी फोनवरचा अभ्यासक्रम काढला. त्याचं नाव मोबाइल अकॅडमी. बिहारच्या खेड्यातल्या आशाताईंकडे तेव्हा बहुतेक साधे फोन होते. नेट नाही, मोठा पडदा नाही. मग त्या फोनला जे जमतं तेच वापरलं : बोलणं आणि ऐकणं.

ते चालतं कसं बघा. आशाताई एक नंबर लावते. पलीकडून आधी मुद्रित केलेला आवाज येतो. त्या आवाजाचं नाव डॉक्टर अनिता. ही बाई खरी नाही, कार्यक्रमासाठी तयार केलेलं पात्र आहे. पण बोलते अशी की आपल्या समोर बसलीय. अख्खा अभ्यास २४० मिनिटांचा, म्हणजे चार तासांचा. त्याचे ११ भाग, प्रत्येक भागात चार धडे. एक धडा साधारण पाच मिनिटांचा. भाग संपला की प्रश्न विचारतात, फोनवरचं बटण दाबून उत्तर द्यायचं. सगळं पार पडलं आणि उत्तरं बरोबर आली की प्रमाणपत्र.

मधेच सासूबाईंनी हाक मारली, फोन ठेवावा लागला, तरी काही बिघडत नाही. पुन्हा नंबर लावला की जिथे सोडलं होतं तिथूनच धडा सुरू होतो. यंत्र आपल्याला ओळखतं ते आपल्या नंबरावरून. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

बिहारमध्ये त्याच्याच जोडीला मोबाइल कुंजी नावाचा चित्रांच्या कार्डांचा जुडगा दिला होता. त्यात ४० कार्डं. प्रत्येक कार्डावर चित्र आणि एक नंबर. आशाताई घरी गेली की कार्ड दाखवायची, त्यावरचा नंबर लावायची आणि फोनचा स्पीकर सुरू करायची. मग डॉक्टर अनिता सगळ्या घराला सांगायची. आशाताई ही गल्लीतलीच सून. तिचं ऐकायला सासू तयार नसते. तेच फोनमधून डॉक्टर बोलली की सासू कान देते. आपल्याकडे काय वेगळं आहे?

२०१६ साली केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने हा अभ्यासक्रम देशासाठी घेतला. २०२४ साली तो महाराष्ट्रातही आला. आशाताईंना तो मोफत आहे. तुमच्या गटात आशाताई असतील तर त्यांना विचारा, तुमचा नंबर नोंदलेला आहे का, तुम्ही किती धडे ऐकले? आणि एक लक्षात ठेवा, हा अभ्यास उजळणीचा आहे. तालुक्याचं प्रशिक्षण त्याने सुटत नाही, सुटूही नये.

कानाने काय येतं, हाताने काय येतं

आता तुम्ही म्हणाल, आम्ही थोड्याच आशा आहोत? आम्हांला शिवण शिकायचंय, शेळ्या करायच्यात, पापड-मसाल्याचा धंदा करायचाय. बरोबर आहे. म्हणून आधी शिकण्याचे प्रकार समजून घेऊ.

काही गोष्टी कानाने येतात. कुणाशी काय बोलायचं, कोणतं काम कोणत्या क्रमाने करायचं, कोणती तारीख पाळायची. शेळ्यांना आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी टोचून घ्यायची, हे ऐकून कळतं. मालाचा भाव काढताना तेल-मिठाबरोबर स्वतःची मजुरी धरायची, हेही ऐकून कळतं. यासाठी साधा फोन पुरे.

काही गोष्टींना डोळे लागतात. ब्लाउजचा मुंढा कसा वळवायचा हे कितीही सांगा, बघितल्याशिवाय कळत नाही. त्याला व्हिडिओ बरा. तिथे मोठा फोन आणि नेट लागतं.

आणि काही गोष्टी हातालाच शिकाव्या लागतात. व्हिडिओत कात्री सरळ चालते, आपल्या हातात वाकडी जाते. बाजूला उभं राहून "अगं, अर्धा इंच सोड की शिलाईला" असं म्हणणारं माणूस लागतं. फोन हे म्हणू शकत नाही. त्याला आपली कात्री दिसत नाही.

म्हणून हाताचं काम शिकायचं असेल तर फोनवर आधी ओळख करून घ्या, कागदावर कटिंग करून बघा, आणि मग शिकवणाऱ्याकडे जा. यासाठी बहुतेक जिल्ह्यांत ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहे. लोक तिला आरसेटी म्हणतात. ती बँका चालवतात. शिक्षण मोफत, राहणं-जेवणही मोफत. शिवण, शेळीपालन, ब्यूटी पार्लर असे बरेच वर्ग तिथे होतात. उमेदच्या ताई तुमच्या गटाला भेटायला येतात ना, त्यांना विचारा, पुढचा वर्ग कधी आहे. तिथून शिकून आल्यावर फोन पुन्हा कामाला येतो. विसरलेलं बघायला, शिकवणाऱ्या मॅडमना अडलेलं विचारायला, सोबत शिकलेल्या बायकांशी बोलायला.

फोन कुणाचा?

आता अवघड प्रश्नाकडे येऊ. घरात फोन असतो, पण तो बाईचा असतो का?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी म्हणून सरकारची एक मोठी पाहणी होते. २०१९ ते २१ च्या पाहणीत देशातल्या खेड्यांतल्या शंभर बायकांपैकी साधारण ४७ जणींकडे स्वतः वापरायचा फोन होता. नेट कधीतरी वापरलेल्या खेड्यातल्या बायका शंभरात २५, आणि पुरुष ४९. म्हणजे फोनवर शिका म्हणताना निम्म्याहून जास्त बायका दाराबाहेरच राहतात.

आमच्याच गटातली गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, तिची परवानगी घेतलीय. तिला आणि आणखी एकीला फोनवर निरोप आला : घरबसल्या पॅकिंगचं काम शिका, प्रमाणपत्र मिळवा, काम घरपोच येईल. आधी ४९९ रुपये भरा. भरले. मग नोंदणीचे म्हणून १,२०० भरा. तेही भरले. नंतर तो नंबर लागेनासा झाला.

तिने तीन आठवडे कुणाला सांगितलं नाही. घरी कळलं तेव्हा नवऱ्याने फोन काढून घेतला. "तुला अक्कल नाही, तुझा फोन बंद." त्या फोनवर शेळीपालनाचे धडे होते, पशुसखीचा नंबर होता, बँकेचे निरोप त्यावरच यायचे. पैसे १,६९९ रुपयेच गेले, पण फोनबरोबर सगळंच गेलं. दीड महिना ती बैठकीला आली नाही.

मग आमच्यातल्या दोघी तिच्या घरी गेल्या. भांडायला नाही, चहाला. सासूबाईंजवळ बसल्या. म्हणाल्या, "मावशी, फसली ती एकटीच नाही, गटातली दुसरीही फसली. शिकलेली माणसं फसतात. फोन काढून घेतला तर शेळ्यांचं औषधपाणी कोण विचारणार?" सासूबाईंना शेळ्यांचं पटलं. आठ दिवसांनी फोन परत आला. सिमकार्ड नवऱ्याच्या नावावर होतं, ते आता तिने स्वतःच्या नावावर घेतलंय.

हे एवढ्यासाठी सांगितलं की फोनवरच्या शिक्षणात नंबर म्हणजेच आपलं नाव. धडे त्यावर नोंदले जातात, बँकेचा ओटीपी त्यावर येतो. नंबर दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याने सिम बंद केलं की आपली शाळा बंद. आधार कार्ड घेऊन दुकानात गेलं की आपल्या नावावर सिम मिळतं.

पैसे मागितले तर

शिक्षण देतो म्हणणाऱ्या कुणाचा फोन किंवा निरोप आला तर गटात विचारल्याशिवाय काही करायचं नाही, हा आमच्या गटाचा आता नियमच आहे. कोण शिकवतंय? त्यांचं ऑफिस कुठे आहे, जाऊन बघता येईल का? कामाआधी पैसे का मागतात? काम देणारा आपल्याला पैसे देतो, आपल्याकडून घेत नाही. ओटीपी कुणी मागितला, की फोन ठेवायचा.

आणि फसलंच, तर लाजून बसू नका. लगेच १९३० हा नंबर लावा. ऑनलाइन फसवणुकीची तक्रार तिथे घेतात. जितकं लवकर कळवाल तितकं ते पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त. आमच्या मैत्रिणीने तीन आठवडे घालवले आणि पैसे गेले ते गेलेच.

आम्ही गटात कसं करतो

आता आम्ही बैठक सुरू होण्याआधी एक धडा ऐकतो. पाच-सात मिनिटांचा, जास्त नाही. फोन रिकाम्या स्टीलच्या पातेल्यात उभा ठेवतो. आवाज मोठा होतो, स्पीकर विकत घ्यायला नको.

धडा संपला की शाळेत न गेलेल्या ताईंनी आधी सांगायचं, काय कळलं. शिकलेल्या बायका आधी बोलल्या तर बाकीच्या गप्प बसतात, हे आम्हांला अनुभवाने कळलं. मग न कळलेला एक प्रश्न वहीत लिहितो. तो पशुसखीला, आशाताईंना किंवा उमेदच्या ताईंना विचारायचा. पुढच्या बैठकीत पहिला प्रश्न एकच : ऐकलेलं कुणी करून बघितलं?

पहिल्या वेळी एकीनेही केलं नव्हतं. दुसऱ्या वेळी दोघींनी केलं. मग ज्यांनी केलं नव्हतं त्यांनाच बरं वाटेना. ज्यांच्याकडे फोन नाही त्याही या धड्याला असतात. एका फोनवर अकरा जणी शिकतात.

तर त्या ताईंना आमचं उत्तर हे. तुमचा पोरगा फोनमध्ये एकटा असतो, आणि त्याला काय शिकायचंय ते त्याने ठरवलेलं नाही. आपण ठरवून, मिळून ऐकलं, करून बघितलं आणि अडलं तिथे माणसाला विचारलं, तर फोनवरून काम येतं.

पुढच्या बैठकीत एवढंच करा. वहीत एक पान काढा आणि प्रत्येकीच्या नावापुढे लिहा : फोन स्वतःचा आहे का, सिम कुणाच्या नावावर आहे, आणि तिला काय शिकायचंय. ते पान आम्हांला पाठवा. कोणता धडा लावायचा ते त्यावरून ठरवू.

पुन्हा भेटू. नमस्कार.