‘ताक’ आणि ‘टाक’

एकदा ‘ताक’ म्हणा. आता ‘टाक’ म्हणा. जीभ कुठे टेकली? ‘त’ला वरच्या दातांना, ‘ट’ला मागे वळून टाळूला. आपल्या कानांना हे दोन आवाज इतके वेगळे वाटतात, की त्यांत घोळ होऊ शकतो हेच पटत नाही. पण जन्मभर फक्त इंग्रजी ऐकलेल्या माणसासमोर हे दोन शब्द म्हणून पाहा. कितीही कान देऊन ऐकलं तरी त्याला बहुधा दोन्ही वेळा एकच शब्द ऐकू येईल.

आता त्याच माणसाच्या सहा महिन्यांच्या बाळाला विचारा. बाळाला फरक कळतो!

पण ज्याला बोलता येत नाही त्याला विचारायचं कसं? कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी वापरलेली युक्ती मला फार आवडते. बाळ मांडीवर बसलेलं. स्पीकरमधून त, त, त, त असा आवाज चाललेला. मधेच ‘ट’ येतो आणि लगेच शेजारच्या खोक्यात दिवा लागून एक खेळणं हलायला लागतं. असं काही वेळा झालं, की बाळाला मर्म कळतं. मग आवाज बदलला रे बदलला, की खेळणं हलायच्या आधीच त्याची मान तिकडे वळते. ती वळलेली मान हेच उत्तर.

त्यांनी हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ इंग्रजी घरांतल्या बाळांना ऐकवले. 1984 साली प्रसिद्ध झालेला निकाल असा: सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला. दहा ते बारा महिन्यांच्या फारच थोड्यांना कळला. हिंदी घरांतली बाळं मात्र वर्षाची होत आली तरी तो अचूक ओळखत होती.

म्हणजे बाळ जगातल्या कुठल्याही भाषेसाठी कान उघडे ठेवून येतं आणि वर्षाच्या आत घरातल्या भाषेपुरतं निवडून घेतं, सुपात तांदूळ निवडावेत तसं. ही निवड आपलीही झालेली आहे. इंग्रज माणूस एक ‘व’ दात ओठावर टेकवून म्हणतो आणि दुसरा ओठांचा चंबू करून. आपल्यातल्या अनेकांच्या कानांतून तो फरक निसटतो. मोठेपणी सराव करून असे आवाज काही प्रमाणात पकडता येतात, पण बाळासारखे सहज नाही.

निवड सुरू तरी कधी होते? जन्माआधी! शेवटच्या काही महिन्यांत पोटातल्या बाळाला ऐकू येत असतं. शब्द अस्पष्ट, भिंतीपलीकडून आल्यासारखे. पण बोलण्याचा चढउतार पोचतो. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी संशोधकांनी फ्रेंच आणि जर्मन नवजात बाळांचं रडणं ध्वनिमुद्रित केलं. फ्रेंच बाळांच्या रडण्याचा सूर चढत जाणारा निघाला, जर्मन बाळांचा उतरत जाणारा. दोन्ही आपापल्या आईच्या बोलीच्या वळणावर! जन्माला येऊन जेमतेम काही दिवस झालेत आणि रडणंसुद्धा मातृभाषेत.

आता आणखी एक कोडं. आपण बोलताना शब्दांमध्ये थांबत नाही. ‘बाळाचंदूधगरमकर’ असा सलग ओघ कानावर पडतो. यातला ‘दूध’ बाळ वेगळा कसा काढतं? अमेरिकेत जेनी सॅफ्रन आणि सहकाऱ्यांनी आठ महिन्यांच्या बाळांना ‘बिदाकूपाडोटीगोलाबू’ अशी निरर्थक, न थांबणारी बडबड ऐकवली. फक्त दोन मिनिटं. तेवढ्यात बाळांनी हेरलं, की ‘बि’मागून नेहमी ‘दा’च येतो, पण ‘कू’मागून काय येईल याचा नेम नाही. जिथे नेम नाही तिथे शब्द संपला! पाळण्यात पाय झाडणारं हे बाळ, कोणी न शिकवता, अक्षरांच्या जोड्यांचा हिशेब ठेवत असतं.

मग दिवसभर टीव्ही लावून ठेवला तर? हे पॅट्रिशिया कूल यांनी सिअ‍ॅटलमध्ये तपासलं. नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांशी चिनी बोलणाऱ्या व्यक्ती समोर बसून खेळल्या, वाचून दाखवत राहिल्या. बारा बैठकांनंतर त्या बाळांना चिनी आवाजांतले बारकावे कळू लागले. दुसऱ्या गटाला त्याच व्यक्ती, तेच बोलणं, पण पडद्यावर दाखवलं. त्यांना काहीही आलं नाही. काहीही! बाळाला समोर जिवंत माणूस लागतं, त्याच्याकडे बघणारं, त्याच्या हुंकाराला हुंकार देणारं. तेल लावताना आजी जे ‘अले, माझं शोनं ते’ करते, त्यात सूर उंच असतो, स्वर ताणलेले असतात, शब्द पुन्हापुन्हा येतात. बाळाच्या कानाला नेमकं हेच सोपं जातं. आजीला लाजू देऊ नका.

पण या सगळ्याची सुरुवात कानापासून आहे, आणि ऐकू न येणारं बाळ दिसायला अगदी इतर बाळांसारखंच दिसतं. निरोगी कान आवाज ऐकला, की स्वतःही एक अतिसूक्ष्म आवाज परत पाठवतो. झोपलेल्या बाळाच्या कानात छोटीशी नळी ठेवून तो काही मिनिटांत टिपता येतो. दुखत नाही, टोचत नाही. तुमच्या घरी बाळ येणार असेल, तर पहिल्या महिन्यातच ही तपासणी करून घ्या. दोष निघालाच, तर सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू व्हायला हवेत.